नोंदवहीबाहेरचा माणूस

औषधाच्या कुठल्याही दुकानात उभे राहिले, की देवाच्या तसबिरीशेजारी दोन-तीन चौकटी टांगलेल्या दिसतात. पहिली परवान्याची. नमुना २० आणि नमुना २१ या नावांनी ओळखले जाणारे हे कागद दुकानाला किरकोळ औषधविक्रीची मुभा देतात, आणि ते गिऱ्हाइकाला दिसतील अशा जागी लावावेत अशी अटच असते. दुसरी चौकट नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रमाणपत्राची. तिसरी गुमास्त्याची, म्हणजे दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखालची. या चौकटी वाचायला आपल्याला सवड नसते, आणि घरी कुणी तापाने फणफणलेले असताना ती असूही नये. पण एकदा सवडीने वाचाव्यात. दुकानाचे नाव कळते, मालकाचे कळते, प्रमाणपत्रावरच्या माणसाचे कळते. मग समोर पाहावे. आपल्या हातातली चिठ्ठी घेऊन, डोळे बारीक करून, डॉक्टरांचे अक्षर लावणारा आणि मागच्या फळीवरून नेमका डबा काढणारा जो माणूस आहे, त्याचे नाव पुष्कळदा यांपैकी एकाही चौकटीत नसते.

हा माणूस कायद्याच्या भाषेत कोण आहे, हा प्रश्न गेली काही वर्षे मला सोडत नाही. मी औषधशास्त्राचा पदवीधर नाही, वकीलही नाही. जुने कायदे, समित्यांचे अहवाल आणि राजपत्रे वाचायची आवड मला चाळिशीनंतर लागली. ती वाचताना असे दिसले, की औषधे कशी असावीत यावर आपल्या देशात भरपूर लिहिले गेले आहे, ती कोणी द्यावीत यावर त्याहून बरेच कमी, आणि जो खरोखर देतो त्याच्यावर जवळजवळ काहीच नाही. हे असे का झाले, याचा हा शोध.

कंपाउंडरचे युग

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत विलायती औषधांची दुकाने होती, पण ती मुख्यतः साहेबांसाठी आणि साहेबांच्या जवळ असणाऱ्यांसाठी. केम्प आणि कंपनीच्या औषधाच्या दुकानाने तर शहरातल्या एका चौकाला आपले नाव कायमचे देऊन टाकले. दुकान विसरले गेले, तरी केम्प्स कॉर्नर राहिला. सामान्य माणसाची वाट वेगळी होती. तो वैद्याकडे जाई, काष्ठौषधीच्या दुकानातून पुड्या बांधून आणी, आणि विलायती औषध घ्यायचेच झाले तर डॉक्टरांच्या दवाखान्यात जाई. तिथे डॉक्टर नाडी पाहून कागदाच्या कपट्यावर दोन ओळी लिहीत आणि लाकडी आडोशामागे बसलेला कंपाउंडर त्याप्रमाणे मिक्स्चर तयार करी.

आजच्या तरुण वाचकाला हे चित्र सांगूनच समजावे लागेल. रोग्याने घरून शिशी धुऊन आणायची. कंपाउंडर मोठ्या बाटल्यांतली द्रावणे मापाने ओतून ती भरणार, बूच लावून हलवणार, आणि बाहेरून कातरीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवणार. एक दाता म्हणजे एक डोस. चूर्णाच्या पुड्या खलात घोटून, कागदावर समान भाग पाडून बांधायच्या. या कामाला नजर लागे, हात लागे, आणि लॅटिन संक्षेपांची जुजबी ओळख लागे. ती बहुतेकांना डॉक्टरांच्या हाताखालीच मिळे. काही प्रांतांत कंपाउंडरांच्या परीक्षा होत, पण परीक्षा न देता हे काम करायला मनाई नव्हती.

इंग्लंडमध्ये तोवर चित्र बदलले होते. १८४१ साली तिथे फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन झाली आणि १८६८च्या कायद्याने ठरावीक विषे विकण्याचा अधिकार नोंदणी झालेल्यांपुरता ठेवला. तेच इंग्रज हिंदुस्थानात मात्र फक्त पदार्थावर नजर ठेवून होते. १८७८चा अफूचा कायदा, १९१९चा विषांचा कायदा, १९३०चा घातक औषधींचा कायदा, हे सगळे बाटलीत काय आहे याची चौकशी करणारे. बाटली भरणारा हात कोणाचा, हे त्यांनी विचारले नाही. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा काढली आणि तिथे वैद्यकाच्या जोडीला औषधनिर्मितीचेही शिक्षण सुरू केले. गोव्याच्या गावांतून ‘फार्मासिया’ अशी पाटी आजही दिसते, तिच्यामागे ही परंपरा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र कंपाउंडर हा धंदा होता, पेशा नव्हता.

एक अहवाल, दोन कायदे

याला पहिला धक्का दिला तो भेसळीने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मलेरियावरचे क्विनाइनच निकृष्ट आणि भेसळीचे मिळते, अशा तक्रारी वाढल्या. ९ मार्च १९२७ रोजी पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर नियंत्रण आणावे असा ठराव मांडला. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये, सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. चोप्रा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे. समितीत मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम केलेले फादर केअस हेही होते. समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला.

या अहवालाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. औषध आणि औषध देणारा माणूस या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे चोप्रा समितीने ओळखले होते. प्रयोगशाळा उभारा, दर्जा ठरवा, निर्मिती व विक्रीवर परवाने आणा, हे तिने सांगितलेच. त्याच्याबरोबर औषध तयार करणाऱ्या व देणाऱ्यांना शिक्षण द्या आणि त्यांची नोंदवही ठेवा, हेही सांगितले. शिक्षणाच्या बाजूने पहिले पाऊल सरकारने टाकले नाही. ते बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांनी टाकले. १९३२ पासून तिथे औषधशास्त्राचे अध्यापन सुरू झाले आणि १९३७ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम आला.

कायद्याच्या बाजूने मात्र अहवालाचे दोन तुकडे झाले. औषध हा विषय प्रांतांकडे होता. केंद्राने कायदा करावा असे सर्व प्रांतिक विधिमंडळांचे ठराव हवे होते. ते गोळा होईपर्यंत वर्षे गेली आणि १९४० साली औषध कायदा संमत झाला. त्याचे नियम १९४५ साली आले. औषध देणाऱ्या माणसाविषयीचा फार्मसी कायदा यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. त्याची तारीख ४ मार्च १९४८.

आठ वर्षांचे हे अंतर वरवर किरकोळ वाटेल. पण त्यातून दोन घरे उभी राहिली. एका घरात परवाना देणारे औषध प्रशासन, आपल्याकडचे अन्न व औषध प्रशासन. दुसऱ्या घरात नोंदवही ठेवणारी फार्मसी कौन्सिल. औषध निरीक्षक दुकानात येतो, त्रुटी आढळल्या तर दुकानाचा परवाना निलंबित होतो. पण प्रमाणपत्रावरच्या माणसाचे नाव नोंदवहीतून काढायचे असेल तर ते काम कौन्सिलचे. दुकान एकाचे, माणूस दुसऱ्याचा. आणि दोन्ही घरांच्या मधल्या बोळात जो उभा आहे, तो कोणाचाच नाही. आजच्या बहुतेक गोंधळाची मुळे मला या बोळात सापडतात.

उघडणारी आणि मिटणारी नोंदवही

फार्मसी कायद्यातले सर्वांत वाचनीय प्रकरण नोंदणीचे आहे. कायद्याचे प्रकरण वाचनीय कसे असेल, असे कुणी विचारील. पण ही कलमे ओळीने वाचली तर स्वतंत्र भारताची तीस वर्षे डोळ्यांपुढून जातात.

१९४८ साली कायदा करणाऱ्यांपुढे साधी अडचण होती. औषध फक्त शिकलेल्यांनीच द्यावे म्हटले, तर शिकलेले होते मूठभर. म्हणून कलम ३१ ने पहिल्या नोंदवहीसाठी चार दारे ठेवली. औषधशास्त्राची पदवी किंवा पदविका हे एक दार. दुसऱ्या कुठल्या विषयाची पदवी आणि औषधे बनवण्याचा तीन वर्षांचा अनुभव हे दुसरे. सरकारने मान्य केलेली कंपाउंडरची परीक्षा हे तिसरे. आणि चौथे दार सर्वांत रुंद. रुग्णालयात, दवाखान्यात किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नियमितपणे औषधे दिली जातात अशा ठिकाणी पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेले असेल, तर तेवढ्यावर नाव नोंदवता येत होते.

हे चौथे दार माझ्यासारख्याला विशेष भावते, कारण मी जे काही थोडे शिकलो ते कुठल्याही विद्यापीठाच्या दारातून आत न जाता. लाकडी आडोशामागे पाच वर्षे खल घोटलेल्या माणसाला नव्या राष्ट्राने सांगितले, की तुझे काम हेच तुझे शिक्षण. कंपाउंडर एका सहीने फार्मासिस्ट झाला. पण ते दार कायम उघडे राहायचे नव्हते. १९४९ मध्ये केंद्रीय कौन्सिल बनली, १९५३ मध्ये शिक्षणाचे नियम आले, आणि ते जिथे जिथे लागू झाले तिथे यापुढे नोंदणी अभ्यासक्रमाच्याच वाटेने, असे ठरले. ते योग्यच होते.

मात्र इतिहास कायद्याला असा शांत बसू देत नाही. फाळणीत लाहोर-कराचीतली दुकाने सोडून आलेले विक्रेते होते. त्यांचे आयुष्य औषधांत गेले होते, पण कागद मागे राहिले होते. १९५९ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी नोंदवही उघडली. ४ मार्च १९४८ च्या आधीपासून ज्यांची उपजीविका या धंद्यावर होती, त्या निर्वासितांना आत घेतले. त्याच दुरुस्तीत १ नोव्हेंबर १९५६ ही तारीखही आहे. भाषावार प्रांतरचनेची. त्या दिवशी हैदराबाद संस्थानातला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातला विदर्भ मुंबई राज्यात आले. माणूस जागचा हलला नाही, दुकान हलले नाही, पण खालचे राज्य बदलले, आणि जुन्या राज्याच्या नोंदवहीतले नाव नव्या राज्यात अडकू शकत होते. अशांचीही सोय त्या दुरुस्तीने केली. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात आपण मोर्चे आणि हुतात्मे वाचतो. त्या सीमारेषेचा एक बारीक धागा औषधाच्या दुकानातल्या चौकटीपर्यंत गेला होता, हे फारसे कुणी सांगत नाही.

१९७६ साली आणखी एक दुरुस्ती आली. आता नोंदवहीत पूर्व बंगालमधून आलेले विस्थापित होते. ब्रह्मदेश, श्रीलंका आणि युगांडा येथून परतलेले भारतीय होते. इदी अमीनने हाकलून दिलेला औषधविक्रेता भारतात येऊन पाच वर्षांच्या अनुभवाचा दाखला देऊ शकत होता. जोडीला आणखी एक गट होता, ज्याला औषध नियमांच्या भाषेत ‘पात्र व्यक्ती’ म्हणत. परवाना अधिकाऱ्यांनी ३१ डिसेंबर १९६९ पर्यंत ज्यांना मान्यता दिली होती, पण ज्यांचे नाव फार्मसी कौन्सिलकडे नव्हते, असे हे लोक. दोन घरांच्या मधल्या बोळात उभे असलेले. त्यांना आत यायला दोन वर्षांची मुदत दिली आणि मग दार लावून घेतले.

आणि खरा दंडुका? कलम ४२. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी बनवू वा देऊ नये, दिल्यास मूळ कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. पण हे कलम कोणत्या दिवसापासून लागू करायचे ते राज्यांनी ठरवायचे होते. शेवटी कायद्यातच असे आले, की ज्या राज्यांनी तारीख जाहीर केलेली नसेल तिथे १९७६ ची दुरुस्ती अमलात आल्यापासून आठ वर्षांनी ते आपोआप लागू होईल. म्हणजे १९८४. कायदा संमत झाल्यापासून त्याचा गाभा देशभर निरपवाद लागू व्हायला छत्तीस वर्षे लागली.

पाटीवरचे नाव

मला दुकानांच्या पाट्या वाचायचा नाद आहे. औषध नियमांतल्या नियम ६५ चा पंधरावा भाग या नादाला पोषक आहे. ज्याला फार्मासिस्टची गरज नाही अशी मोजकी औषधे विकणाऱ्याने पाटीवर ‘ड्रगस्टोअर’ लिहावे. ज्याच्याकडे फार्मासिस्ट आहे पण औषधे बनवण्याची व्यवस्था नाही, त्याने ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’ लिहावे. आणि ज्याच्याकडे फार्मासिस्टही आहे व औषधे बनवण्याची सोयही आहे, त्यानेच ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ म्हणवून घ्यावे. फार्मसीला काय काय साधने हवीत, त्याची यादी अनुसूची ‘एन’मध्ये दिलेली आहे.

आपल्या गावांत या तिन्ही शब्दांच्या वर एक चौथा शब्द बसला आहे, ‘मेडिकल’. ‘मेडिकलातून गोळी घेऊन ये’ हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारले जाते. कायद्याला ‘मेडिकल’ माहीत नाही. लोकांना ‘ड्रगस्टोअर’ आणि ‘फार्मसी’ यांतला फरक माहीत नाही. पाटी वाचून आत कोण बसला असेल याचा अंदाज गिऱ्हाइकाला यावा, हा नियमाचा हेतू होता. तो पाटीवरच विरून गेला.

नियम जिथे सैल आहेत तिथे ते मुद्दाम सैल ठेवलेले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. अनुसूची ‘के’ मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, ग्राइप वॉटर, एरंडेल, टिंक्चर आयोडीन, पट्टीचे कापड. हजारापर्यंत वस्ती असलेल्या गावात ही औषधे विक्रीच्या परवान्याशिवाय विकता येतात. वाडीवरच्या किराणा दुकानदारावर कायद्याने एवढा भरवसा टाकला आहे. डॉक्टर आपल्या रोग्याला स्वतः औषध देतो तेव्हा त्यालाही सूट आहे. मुद्दा असा, की परिस्थिती पाहून पायऱ्या पाडणे आपल्या कायद्याला परके नाही.

खल गेला, फळी राहिली

पहिल्या नोंदवहीने ज्या कामाचा अनुभव मागितला होता, ते कामच पुढच्या तीस वर्षांत संपले. कारखान्यातून पट्ट्यांत बंद होऊन गोळ्या येऊ लागल्या. शिशी, बूच, दातेरी कागद हे सगळे मागे पडले. आणि एक समज घट्ट रुजला. आता काय बनवायचे आहे? गोळ्याच तर काढून द्यायच्या. त्याला कशाला हवा शिकलेला माणूस?

या समजाला उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या एका निकालात आहे. कॅडिला हे नाव लावणाऱ्या दोन कंपन्यांमधला तो व्यापारचिन्हाचा वाद होता. मेंदूच्या मलेरियावरच्या दोन औषधांची नावे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ अशी होती. न्यायालयाने म्हटले, की औषधांच्या नावांतले साम्य इतर मालापेक्षा कडक कसोटीवर तपासले पाहिजे. इतर मालात घोटाळा झाला तर गैरसोय होते, औषधात झाला तर जीव जाऊ शकतो. डॉक्टर आणि औषधविक्रेतेही चुकीपासून मुक्त नसतात, हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. म्हणजे काम संपले नव्हते, त्याचे स्वरूप बदलले होते. पूर्वी चूक मापात होई, आता ती वाचण्यात होऊ लागली.

माझे एक मामा तालुक्याच्या गावी एका औषधाच्या दुकानात बत्तीस वर्षे कामाला होते. शिक्षण जुनी अकरावी. नोंदवहीत नाव नाही. गावातल्या सगळ्या डॉक्टरांची अक्षरे त्यांना पाठ होती. लहान मुलाच्या चिठ्ठीवर मोठ्या माणसाचा डोस दिसला, की ते ‘जरा बसा’ म्हणून दवाखान्यात माणूस पाठवीत. डॉक्टर रागावत नसत, उलट आभार मानीत. आणि याच मामांनी मला हेही सांगितले आहे, की एका संध्याकाळी गर्दीत नावाच्या साधर्म्याने त्यांनी रक्तदाबाच्या गोळीऐवजी मधुमेहाची पट्टी दिली. दुकान आवरताना लक्षात आले. सायकलवर टांग मारून ते त्या गिऱ्हाइकाच्या वस्तीवर गेले आणि गोळी पोटात जायच्या आत पट्टी परत आणली. ‘त्या रात्री जेवलो नाही,’ म्हणाले.

मी ही हकिकत दोन्ही बाजूंनी वाचतो. अनुभव काय करू शकतो, ते तिच्यात आहे. अनुभव कुठे कमी पडतो, तेही आहे. रक्तातली साखर एकदम उतरली तर काय होते हे मामांना ठाऊक होते, पण ते त्यांना कोणी शिकवले नव्हते. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या अनुभवातून ते कळले होते. औषधाच्या धंद्यात अनुभव मिळतो तो दुसऱ्याच्या शरीरावर, म्हणून तो एकटा पुरेसा धरता येत नाही.

भाड्याची चौकट

कायदा एक नाव मागतो. नाव मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते भाड्याने घेणे. प्रमाणपत्र भिंतीवर, माणूस दुसऱ्या गावी, आणि महिन्याकाठी ठरलेली रक्कम त्याच्या हाती. हे गुपित नाही. औषध व्यवसायातल्या कोणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग विषय बदलेल.

महाराष्ट्रात या प्रश्नाला उघड तोंड फुटले ते २०१२-१३ मध्ये. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर नाही, विक्रीचे बिल नाही, अशा दुकानांवर परवान्याच्या कारवाया सुरू झाल्या. विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले. त्या वेळी दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचताना मला जाणवले, की दोघेही खरे बोलत आहेत. प्रशासन म्हणत होते की ही अट नवी नाही, तुम्ही स्वतः सही करून घेतलेल्या परवान्यातलीच आहे. लहान दुकानदार म्हणत होता की दुकान सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत उघडे असते, एक माणूस चौदा तास बसणार कसा, आणि दोन ठेवायची ऐपत माझ्या गल्ल्यात नाही. पण बिलाशिवाय आणि फार्मासिस्टशिवाय घेतलेल्या गोळीची किंमत जो मोजतो, त्या रोग्याची संघटना नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, बिहारमधून आलेल्या एका जनहित याचिकेत, नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषधे देऊ देणे म्हणजे नागरिकांच्या आरोग्याशी खेळणे आहे आणि ते रोखणे राज्य सरकारचे व कौन्सिलचे कर्तव्य आहे, असे बजावले. त्या दोन घरांना एकत्र उभे करून सांगितले, हे या निकालाचे महत्त्व. तपासणी करणारे हात किती, हाही प्रश्न आहेच. दर दोनशे विक्रीदुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा, हे प्रमाण रघुनाथ माशेलकर समितीने २००३ सालीच धरले होते.

दरम्यान कामाचा भार वाढतो आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ लागू झाली. प्रतिजैविके, क्षयाची औषधे अशा ४६ औषधांसाठी डॉक्टर, रोगी आणि दिलेली मात्रा यांची वेगळी नोंद ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रोग्याला समजावून सांगणे हेही फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. हे सगळे कागदावर फार्मासिस्टचे काम. गर्दीच्या वेळी ते करतो कोण, हे आपण पाहतोच.

तिसरी पायरी

आता कायद्यातली ती फट पाहू, जिच्यात हा माणूस उभा आहे. फार्मसी कायद्याचे कलम ४२ म्हणते, फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. औषध नियमांतला नियम ६५ म्हणतो, त्याने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. या ‘देखरेखीखाली’ शब्दावर लाखो संसार चालतात. पण ज्याच्यावर देखरेख करायची तो कोण, त्याला काय यायला हवे, त्याने कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, याबद्दल नियम गप्प आहेत.

गंमत अशी, की घाऊक विक्रीत कायद्याने हा विचार केला आहे. घाऊक परवान्यासाठी फार्मासिस्टच हवा असे नाही. पदवीधराला एक वर्षाचा किंवा मॅट्रिक झालेल्याला चार वर्षांचा औषधविक्रीचा अनुभव असला तरी चालतो. जिथे खोकी हलतात तिथे माणसाची पात्रता लिहिलेली आहे; जिथे रोगी समोर उभा असतो, तिथल्या मदतनिसाची लिहिलेली नाही.

ब्रिटनमध्ये १ जुलै २०११ पासून फार्मसी टेक्निशियनना नोंदणी सक्तीची आहे, आणि काउंटरवर औषधे विकणाऱ्या मदतनिसांनी ठरावीक प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा त्याच्याही आधीपासून आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २००६ साली रुग्णालयातल्या टेक्निशियनने क्षाराचे द्रावण चुकीच्या तीव्रतेचे बनवल्याने एक लहान मुलगी दगावली, आणि २००९ मध्ये तिथे टेक्निशियनसाठी कायदा आला. तोवर तिथेही सगळे जण फार्मासिस्टच्या देखरेखीवर विसंबून होते. आपल्याकडे कौशल्य विकासाच्या योजनांत फार्मसी सहायकाचा अभ्यासक्रम आहे, पण तो केला नाही म्हणून काउंटरवर उभे राहायला कुणी अडवत नाही. जे सक्तीचे नाही आणि ज्याने पगार वाढत नाही, ते शिकायला बारा तास उभे राहणारा माणूस कुठून वेळ काढणार?

मला काय वाटते ते सांगतो. पहिल्या नोंदवहीचे चौथे दार पुन्हा उघडावे असे मी म्हणणार नाही. अनुभवावर फार्मासिस्ट करण्याचा काळ गेला, आणि पदविका घेऊन, आता तर २०२२ च्या विनियमांनी आणलेली वेगळी परीक्षा देऊन येणाऱ्या मुलामुलींवर तो अन्याय होईल. पण फार्मासिस्टच्या खाली एक पायरी बांधता येईल. मातृभाषेतला काही महिन्यांचा अभ्यासक्रम, सारख्या नावांच्या औषधांची ओळख, कुठली चिठ्ठी पाहून थांबायचे याची समज, आणि शेवटी एका वहीत त्याचे नाव. त्या वहीत ज्याचे नाव आहे त्यानेच फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषधाला हात लावावा. असे झाले तर ‘देखरेख’ या शब्दाला दोन टोके येतील. आज त्याला एकच आहे. भाड्याच्या चौकटीचा बाजारही थोडा अडचणीत येईल, कारण मदतनिसाच्या कागदावर त्याच्यावर देखरेख करणारा कोण, हेही लिहावे लागेल.

यावर आक्षेप येईल, की अशी पायरी झाली तर मालक फार्मासिस्टऐवजी स्वस्त मदतनीसच ठेवतील. भीती खरी आहे. पण आज मालकाकडे त्याहून स्वस्त मदतनीस आहे, ज्याला काहीच शिकवावे लागत नाही आणि ज्याच्या चुकीचा हिशेब कुठल्याच वहीत होत नाही.

इंटरनेटवरून औषधे विकण्याच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च २०२० मध्ये, साथीच्या काळात, घरपोच औषधे द्यायला सरकारने अधिसूचना काढून मुभा दिली. आता चिठ्ठी मोबाइलवरून जाते आणि पिशवी दारात येते. ती भरणारा हात आपल्याला दिसतसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निदान चेहरा तरी दिसत होता. उद्याच्या कायद्याला या अदृश्य हातांचाही विचार करावा लागेल, आणि ज्या कायद्याने दिसणाऱ्या हाताचे नाव कधी विचारले नाही त्याला ते जड जाणार आहे.

१९४८ साली सगळीच टंचाई होती. शिकलेली माणसे नव्हती, महाविद्यालये नव्हती, निर्वासितांचे लोंढे येत होते. तरीही त्या काळच्या कायद्याने औषधाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारले, की तू कोण, कुठून आलास, किती वर्षे हे काम करतोस? आणि उत्तर वहीत लिहून घेतले. आज महाविद्यालये आहेत, कौन्सिली आहेत, संगणक आहेत. तो प्रश्न मात्र काउंटरमागच्या माणसाला विचारायचा राहून गेला आहे.